वर्णन लिहा म्हटलं की सगळ्यांचीच शाळा ‘निसर्गरम्य’ होते. काय करावं?

धारूरच्या बाई
११ ऑगस्ट, रात्री ९:५०

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक आम्ही दोघंच. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक असाच नियम, त्यामुळं कुरकुर करायलाही जागा नाही. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. माझी १९ लेकरं: तिसरीची ११, चौथीची ८.

परवा ‘माझी शाळा’ या विषयावर दहा-बारा ओळी लिहायला सांगितल्या. १९ पैकी १४ वह्यांत पहिलं वाक्य एकच. ‘माझ्या शाळेचा परिसर निसर्गरम्य आहे.’ एकीला विचारलं, निसर्गरम्य म्हणजे काय गं? ती म्हणाली, "बाई, शाळेला तसंच म्हणत्यात." पुढं ‘शाळेसमोर भव्य मैदान आहे.’ आमच्या शाळेसमोर मैदान नाही, उतार आहे. चेंडू सुटला की थेट ओढ्यात जातो, आणि रोज दोघं-तिघं तो आणायला खाली उतरतात, भिजून येतात, माझं बोलणं खातात. त्या ओढ्याचं एकाही वहीत एक अक्षर नाही. ‘शिपाईकाका घंटा वाजवतात’ मात्र आहे. शिपाई आम्हाला कधी मिळालाच नाही. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, ज्याचा नंबर असेल ते पोरगं दगडानं वाजवतं.

आणि ही लेकरं मुकी आहेत असं नाही बरं का. गेल्या महिन्यात खिचडीच्या खोलीत धामण निघाली. तेव्हा एक तिसरीतलं पोरगं धावत येऊन सांगतंय, "बाई, आपल्या उड्या मारायच्या दोरीयेवढी लांब हाय, पण जाडीला माझं मनगट, आन् तांदळाच्या पोत्यावरून अशी निघालीय जशी काय कुणी वढायलंय तिला." मी ऐकतच राहिले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, हेच लिही. लिहिलं काय? ‘शाळेत साप आला. तो खूप मोठा होता. मला खूप भीती वाटली.’

मागच्या शिक्षण परिषदेत समस्याधारित अध्ययनावर एक तास झाला. समस्या द्या, गट करा, लेकरं स्वतः शोधतील, तुम्ही फक्त बाजूला उभं राहा. उदाहरणं सगळी गणित आणि परिसर अभ्यासाची. मी उठून विचारलं, मराठीतल्या वर्णनाला हे कसं लावायचं? उत्तर मिळालं, "तत्त्व तेच आहे मॅडम." तेवढ्यात चहा आला.

तर माझा प्रश्न तोच. वर्णनात समस्या आणायची कुठून? धामणीत समस्या होती, पण ती तर निघून गेली. दोन इयत्ता एकत्र बसवून हे जमतं का? आणि दसरा झाला की माझी सहा-सात लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील. त्याआधी त्यांच्या हाताला काहीतरी लागावं असं वाटतंय.

कुणी स्वतः वर्गात केलं असेल तर सांगा. लिंका नकोत, लिंका ढीगभर आल्यात.

निवृत्त गुरुजी, औसा
१२ ऑगस्ट, सकाळी ६:१५

बाई, तुमचा प्रश्न वाचून मला तीस वर्षांपूर्वीचा माझाच वर्ग आठवला. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आमच्या भागातला. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथं काढत नाही. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. त्यातल्याच एका गावात दोन वर्षांनी माझी बदली झाली. जुन्या गावात वेस होती, गढी होती, बोळ होते, दगडमातीची माळवदं होती आणि प्रत्येकाचं दार वेगळं. नव्या गावठाणात सरळ रस्ते, रांगेनं घरं, रंग एक, दारं एक, खिडक्या एक. शाळा सुटली की पहिलीचं पोरगं खुशाल दुसऱ्याच्या घरात शिरून भाकरी मागायचं.

एक दिवस तिसरीतल्या एका मुलीचे मामा रेणापूरकडून आले. भर उन्हात तासभर रांगा मोजत फिरले आणि शेवटी शाळेत येऊन टेकले. म्हणाले, "गुरुजी, समदी घरं एका साच्यातली. बहीण कुठं ऱ्हाते?" पोरं हसली. मला वाटलं, हसताय ना, थांबा.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, आज तुमच्याकडं मामा येणार आहेत. नंबर सांगायचा नाही, आडनाव सांगायचं नाही. मामांना घर सापडेल असं लिहा. लिहून झाल्यावर कागद गोळा केले, पिसले आणि दुसऱ्याच पोराच्या हातात दिले. जा, शोध.

२७ कागद होते. चार घरं सापडली. बाकीची पोरं कागद हलवत परत आली आणि लिहिणाऱ्याशी भांडायला लागली. "‘दार लोखंडी आहे’ म्हणं! समद्याचंच लोखंडी हाय की रे!" ते भांडण मी मिटवलं नाही, चालू दिलं. बाई, त्या भांडणात जो पाठ झाला तो मला तीन दिवस फळ्यापाशी उभं राहून देता आला नसता.

त्या संध्याकाळी पोरं घरी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर बघितलं. दुसऱ्या दिवशीच्या कागदांवर काय होतं बघा. ओट्याचा डावा कोपरा फुटलाय, तिथं मुंग्यांची रांग असते. तुळस डालड्याच्या डब्यात लावलीय. खिडकीला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा, काठ मात्र अजून चमकतो. दारात म्हैस बांधलीय आणि ती नवीन माणसाकडं बघून फुसकारते. त्या दिवशी वीसच्या वर घरं सापडली.

याला नाव आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की निबंध चुकला तर पोराला लाल शाई मिळते, आणि लाल शाईची त्याला सवय झालेली असते. घर सापडलं नाही तर दुसऱ्या पोराचा उन्हातला फेरा फुकट जातो. तुम्ही समस्या शोधताना एवढं बघा, की तो कागद हातात घेऊन कुणीतरी कुठंतरी जाणार आहे का.

तांड्यावरचा मास्तर, किनवट
१२ ऑगस्ट, रात्री १०:३०

गुरुजींचं वाचून दोनदा वाचलं. मी त्यात थोडी भर घालतो.

ही समस्याधारित अध्ययनाची पद्धत मुळात डॉक्टर घडवण्यातून आलीय. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तिची सुरुवात झाली. आधी दोन वर्षं पुस्तकं आणि मग रोगी, हा क्रम त्यांनी उलटवला. लहान गटापुढं आधी रोग्याची अडचण ठेवायची, मग त्यांनीच ठरवायचं की हे सोडवायला आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि ते कुठं मिळेल. ‘समस्या द्या’ एवढंच आपल्यापर्यंत पोचलं, हे मधलं वाटेत सांडलं. चौथीच्या वर्गात मी त्याचे फळ्यावर तीन रकाने करतो: ‘ठाऊक आहे’, ‘ठाऊक नाही’, ‘कुणाला विचारू’. दुसरा रकाना भरल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

आमच्याकडं शेळी हरवली होती. खरीच हरवली होती, मी लपवली नव्हती. चौथीतल्या एका मुलीची. शेजारच्या तांड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं होतं आणि शेळीचा फोटो कुणाकडंच नव्हता. पहिला मजकूर: ‘काळी शेळी हरवली आहे.’ मी म्हटलं, आपल्या तांड्यात काळ्या शेळ्या किती? मोजून आले, एकतीस. मग सुरू झालं. डावा कान टोकाला चिरलेला. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, पण मधोमध नाही, उजवीकडं सरकलेला. गळ्याखाली दोन लोंब, एक आखूड. मागचा पाय जरा फेकत चालते. हे सगळं त्या मुलीनंच सांगितलं, पण लिहिलं दुसऱ्या मुलानं, कारण तिला मराठीत लिहायला जड जातं.

आता खरा मुद्दा. आमच्या लेकरांची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. शेळीचं चालणं, कानाचं चिरणं यांना तिच्याकडं नेमके शब्द होते, फक्त ते मराठी नव्हते. तिला ‘मराठीतच लिही’ म्हटलं असतं तर पुन्हा ‘काळी शेळी आहे, ती सुंदर आहे’ एवढंच आलं असतं. म्हणून आधी गोरमाटीत बोलू देतो, देवनागरीत तसंच लिहू देतो आणि मग गटानं मराठी शब्द शोधायचे. न सापडलेला शब्द भिंतीवर लावतो. तुमच्या लेकरांची बोली मराठीच असली तरी वहीतली मराठी आणि धामणीची मराठी यांत माझ्या तांड्याएवढंच अंतर दिसतंय. ‘कुणी वढायलंय’ हे त्यानं वहीत लिहिलं असतं तर तुम्ही खोडलं असतं का? रागावू नका, मी पूर्वी खोडत होतो.

शेळीचं विचाराल तर ती सापडली. वर्णनानं नाही, तिसऱ्या दिवशी आपली आपण आली. पोरांचा थोडा हिरमोड झाला.

कळंबचा एक शिक्षक
१३ ऑगस्ट, दुपारी २:०५

वाचायला छान आहे, पण मला पटलेलं नाही, तेही नोंदवतो.

गुरुजींचं घर काय आणि मास्तरांची शेळी काय, दोन्ही ओळख पटवण्याची कामं आहेत. पोलीस पंचनाम्यातही असंच लिहितात. ते म्हणजे वर्णन नव्हे. आमच्याकडं येळवस असते, शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या. कडब्याची खोप, तिच्यात पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, डेऱ्यातलं आंबील, आणि दिवस कलताना हवेत जो गारठा उतरतो तो. हे लिहायचं तर समस्या कुठली आणू? आंबिलाचा डेरा हरवला म्हणून सांगू? काही गोष्टी नुसत्या आवडल्या म्हणून लिहायच्या असतात. प्रत्येक ठिकाणी अडचण उभी केली तर पोरगं कामापुरतं बघायला शिकेल आणि काम झालं की डोळे मिटून घेईल.

दुसरं, परीक्षेत ‘माझा आवडता सण’च येणार आहे. पालक वहीत निबंध बघतात, शेळी बघत नाहीत.

तिसरं कबुलीदाखल. आपण मुलांना नावं ठेवतोय, पण आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे पोराला वर्षभर बघून करायच्या वर्णनात्मक नोंदी आपण कशा लिहितो? मी तर फिरत्या पीडीएफवरून उतरवतो. ‘नीटनेटका राहतो’ हे मी अशा पोराच्या नावापुढं लिहिलंय ज्याच्या सदऱ्याला एकच बटण होतं, आणि तेही बाह्यांचं. माझंही तेच, ‘निसर्गरम्य’.

धारूरच्या बाई
२४ ऑगस्ट, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. कळंबच्या सरांची तिसरी गोष्ट वाचून मी माझं नोंदींचं रजिस्टर उघडलं आणि बंद केलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

मास्तर, होय, खोडलं असतं. त्याच महिन्यात कुणाचं तरी ‘लई’ खोडून ‘खूप’ केल्याचं मला आठवतंय.

एक प्रयोग केला आणि तो साफ फसला. समस्या दिली: ‘आपल्या शाळेच्या आवारात कचरा होतो.’ गट केले, रकाने आखले. ‘कुणाला विचारू’च्या रकान्यात सगळ्यांनी ‘बाईंना’ लिहिलं. आणि पुढं काय आलं? ‘झाडे लावा झाडे जगवा’, ‘स्वच्छता असे जिथे आरोग्य वसे तिथे’, आणि एका गटानं तर स्वच्छतेची शपथच लिहून दिली. कचऱ्याचं वर्णन कुठंच नाही. गुटख्याच्या पुड्या, चिंचेची साल, तुटलेल्या चपलेचा पट्टा, काही नाही. मी म्हटलं, अरे बघून तर या. बाहेर गेले आणि कचरा वेचूनच आले. चांगली लेकरं आहेत हो, पण मला वर्णन पाहिजे होतं.

निवृत्त गुरुजी, औसा
२५ ऑगस्ट, सकाळी ६:००

बाई, कचरा तुम्हाला टोचतो, त्यांना नाही. मधल्या सुट्टीत वही-पेन न घेता ओट्यावर बसा आणि त्यांचं कशावरून भांडण होतं ते चार दिवस ऐका.

कळंबच्या सरांना: येळवसेचं तुम्ही आत्ताच पाच ओळींत जे लिहिलंत ते का लिहिलंत? आम्हाला पटावं म्हणून. कुणीतरी समोर होतं, आणि ते ऐकत नव्हतं.

धारूरच्या बाई
२८ सप्टेंबर, रात्री ११:२०

उशीर झाला, पण सांगण्यासारखं झालं आहे.

गुरुजींचं ऐकून ओट्यावर बसले. चौथ्या दिवशी भांडण सापडलं, सीताफळांचं. शाळेमागचा सगळा उतार सीताफळीचा आहे, बालाघाटाच्या डोंगरात तीच तर आहे. दोन झाडं आमच्या आवारात येतात. दरवर्षी पहिली-दुसरीची पोरं दिसेल ते फळ तोडतात आणि पेंढ्यात आढी घालतात. निम्मी फळं पिकतच नाहीत, काळी पडून दगडासारखी होतात. झाडावर पिकू द्यावं तर खारी आणि पाखरं ठेवत नाहीत. म्हणजे फळ नेमकं कधी तोडावं हाच सगळा प्रश्न. चौथीची पोरं बारक्यांवर ओरडत होती, "कच्चं कशाला तोडलंस रं?" आणि बारकी म्हणत होती, "मला काय म्हाईत कच्चं हाय!"

मी म्हटलं, मग त्यांना माहीत होईल असं लिहा. झाडाला कागद लावू.

इथं आमच्या सरांनी मोठी मदत केली. ते नांदेडकडच्या काळ्या रानातले. सीताफळ त्यांनी बाजारातलं खाल्लेलं, झाडावरून तोडलेलं नाही. ठरलं असं की पहिलीच्या पोरांच्या आधी कागद सरांना द्यायचा. सर फक्त कागदात असेल तेवढंच करणार, विचारायचं काही नाही.

पहिला कागद, चौथीच्या गटाचा, शब्द जसेच्या तसे: ‘तोडायला आलेले सीताफळ मोठे असते. ते हिरवे असते. ते गोल असते. ते छान दिसते.’ सर गंभीर चेहऱ्यानं झाडाखाली गेले, सगळ्यात मोठं, हिरवं, गोल फळ शोधलं, ‘छान दिसतं का?’ असं स्वतःलाच विचारलं आणि तोडलं. कापलं तर आत बिया अजून पांढुरक्या. पोरं उड्या मारायली, "सर, ते नव्हं! ते नव्हं!" सर म्हणाले, "कागदात तर हेच लिहिलंय." आणि कागद परत केला.

दुसरा कागद: ‘ज्याचे डोळे उघडले आहेत ते तोडावे.’ हे आमच्याकडचं बोलणं आहे, फळाचे डोळे उघडले म्हणजे तोडायला आलं. सरांनी फळ हातात धरलं, गोल फिरवलं. "डोळे कुठंयत? मला तर एकही दिसत नाही." त्यावर जी शांतता पसरली ती मला फार आवडली. कारण डोळा म्हणजे काय हे १९ जणांना माहीत होतं आणि १९ जणांना सांगता येत नव्हतं.

मग मी फळ्यावर मास्तरांचे तीन रकाने आखले. यावेळी दुसरा रकाना भरला. ‘डोळ्याला सरांच्या भाषेत काय म्हणतात ते ठाऊक नाही.’ ‘किती उघडला म्हणजे उघडला?’ ‘सावलीतल्या फळाचा रंग वेगळा का?’ आणि तिसऱ्या रकान्यात यावेळी ‘बाई’ नव्हत्या. एकाची आजी होती आणि सीताफळं बाजारात नेणारे एकाचे चुलते होते. दोन्ही गट आधी डोंगराच्या कडेला गेले, एक कच्चं, एक तोडायला आलेलं आणि एक पाखरानं खाल्लेलं असं आणून ओट्यावर मांडलं आणि गोल करून बसले. एरवी मी ‘निरीक्षण करा’ म्हणून ओरडत असते. त्या दिवशी मी फक्त सुरी सांभाळत होते.

तिथं कोण बोललं सांगू? चौथीतला एक मुलगा, जो दरवर्षी सहा महिने ऊसतोडीच्या तळावर असतो आणि वहीत तारखेच्या पुढं जात नाही. तो बोटानं दाखवत म्हणाला, "हे बगा. कच्च्याची खवलं एकाला एक चिकटून असत्यात, मधी नख जात नाही. आलेल्याची खवलं फुगून लांब होत्यात, मधी फट पडती. फटीत पांढरं-पिवळं दिसतं." शेजारची मुलगी लिहीत होती. ती थांबली आणि म्हणाली, "फट म्हणजे कशी? दाराची का?" तो म्हणाला, "नाय, जमिनीला भेग पडती तशी." ती म्हणाली, "भेग तर केवढी बी असती." मग बराच वेळ कुणीच काही बोलेना. आणि ती मुलगीच म्हणाली, "आजीच्या टाचंवानी."

हा तिसरा कागद, शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं, शब्द नाही:

‘आजीच्या टाचेला भेगा असतात तशा भेगा फळावर पडल्या का बघा. भेगेत पांढरट पिवळं दिसलं पाहिजे. नुसतं हिरवं दिसलं तर हात लावू नका. खवल्याला अंगठा लावला तर ते कच्च्यासारखं टोचत नाही. फळ हिरवं असतं पण कच्च्यासारखं गडद नसतं, वरून राख टाकल्यावानी फिकट दिसतं. देठ पिळू नका, देठासकट तोडा.’

सरांनी हा कागद घेऊन चार फळं तोडली. एकावर पोरांनी आक्षेप घेतला, ते सावलीतलं होतं. चारही पेंढ्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी तीन मऊ झाली, चौथं, तेच सावलीतलं, आणखी दोन दिवसांनी. सरांनी पहिलं फळ सगळ्यांसमोर खाल्लं, बिया मोजून दाखवल्या आणि कागदाच्या खाली सही केली. आता तो प्लॅस्टिकमध्ये घालून झाडाला बांधलाय. पहिलीच्या पोरांना अजून वाचता येत नाही म्हणून चौथीतलं एकजण रोज झाडाखाली उभं राहून तो वाचून दाखवतंय. हे मी सांगितलेलं नाही.

आता न जमलेलं. चार तास गेले, एक नाही. तिसरीतली तीन मुलं गटात नुसती बसून होती, त्यांनी शेवटी चौथीचं उतरवलं. आणि कळंबचे सर म्हणाले ते अगदी खोटं नाही. त्याच आठवड्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला दिलं तर सात वह्यांत पुन्हा ‘धरतीने हिरवा शालू नेसला’. पण आजीच्या टाचेवाल्या मुलीनं लिहिलं, ‘पाऊस थांबल्यावर पत्र्यावरून थेंब पडत राहतात, एक पडला की दुसरा पडेपर्यंत मी बोटं मोजते.’ हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

कळंबचा एक शिक्षक
२९ सप्टेंबर, दुपारी १:४०

थेंबांसाठी माझं एक पाऊल मागं घेतो, फक्त एक. सात शालूंचं काय ते राहिलंच की. आणि एक विचारू? त्या चार तासांचं पाठ टाचण काय काढलंत?

धारूरच्या बाई
२९ सप्टेंबर, रात्री ९:३०

टाचणात लिहिलं, ‘लेखन: फळाचे वर्णन.’ खोटं काय आहे त्यात? शालूंवर अजून काही सुचलेलं नाही. येळवसेला तुमच्या पोरांकडून काही जमलं तर इथं टाका, मी उचलीन.

गुरुजी, तुमचा मामाचा खेळ त्या तळावर जाणाऱ्या मुलाला सांगितला. दसऱ्यानंतर तो निघेल. म्हटलं, तिकडून आम्हाला लिहून आण, मला तुझी कोपी शोधता आली पाहिजे. तो म्हणाला, "बाई, कोप्या समद्या सारख्याच असत्यात, उसाच्या पाचटाच्या." मग जरा थांबून म्हणाला, "पर आमची कुत्री एकच हाय." मी म्हटलं, मग कुत्रीच लिही.